दोन फुटी टँक आणि लेकीची यादी : यातले कुठले मासे एकत्र नांदतील?

ओलीबाही

नमस्कार मंडळी. महिनाभर नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

ऑफिसमधल्या एकाने घर बदलताना त्याचा रिकामा फिशटँक मला देऊन टाकला. २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. गुणाकार केला तर ७० लिटर येतात, पण वाळू, लाकूड आणि वरची दोन बोटं मोकळी जागा धरली तर प्रत्यक्षात ५३ लिटरच पाणी मावलं. मगाने मोजून भरलंय, म्हणून खात्रीने सांगते. मागे टांगायचा फिल्टर आहे, हीटर २५ अंशांवर. बारीक वाळू, एक ड्रिफ्टवुड, त्याला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न आणि मागच्या बाजूला व्हॅलिसनेरियाचं रान. टँक सुरू होऊन तीन आठवडे झाले. मासा अजून एकही नाही.

आता खरी गोष्ट. लेक आठ वर्षांची आहे. तिने यादी केलीय, प्रत्येकाचं चित्र काढून, आणि ती फ्रिजवर लावलीय:

२ एंजल (एक पांढरा, एक काळा)
६ निऑन टेट्रा
४ गप्पी
१ निळा फायटर
४ टायगर बार्ब
२ गोल्डफिश (एकटी कंटाळेल म्हणून दोन)
१ सकर, काच पुसायला

दुकानदार म्हणाला, सगळे गरीब मासे आहेत, बिनधास्त टाका. टँक देणारा म्हणाला, यातले निम्मे महिन्याभरात मरतील. कुठले निम्मे, ते विचारलं तर हसला.

काल किटने पाणी तपासलं. पीएच ७.८, जीएच (क्षारांमुळे येणारा पाण्याचा जडपणा) २०० पीपीएमच्या वर, अमोनिया शून्य, नायट्राइट ०.५, नायट्रेट १०. आमच्या पाण्यात क्षार भरपूर आहेत, चहाच्या किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो.

यातलं कोण ठेवू, कोण काढू? आणि जमलं तर एंजल आणि निऑन तरी राहू द्या हो. त्यांची चित्रं सगळ्यात मोठी काढलीत.

काचेला_नाक

गोल्डफिश खोडा. त्याला गार पाणी लागतं, तो वीतभर वाढतो, घाण बेसुमार करतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. दोन फुटात एकसुद्धा नको.

टायगर बार्बही खोडा. उरलेल्यांचं जाणकार सांगतील.

आणि नायट्राइट शून्य होईपर्यंत पाण्यात काहीही सोडू नका. लेक रडली तरी.

तळाचा_गाळ

यादी वाचून हसलो, कारण २७ वर्षांपूर्वीची माझी यादी जवळजवळ हीच होती. चित्रं तेवढी नव्हती.

एंजल आणि निऑनचं आधी उरकतो, रडारड तिथेच होणार आहे. माझ्या पहिल्या टँकमध्ये दहा निऑन होते आणि नाण्याएवढे दोन एंजल. सहा महिने इतकं सुरेख चाललं होतं की घरी कुणी आलं की मी खुर्ची ओढून त्याला टँकसमोर बसवायचो. मग एका सकाळी निऑन नऊ भरले. मोजण्यात चुकलो असेन म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी आठ. फिल्टर उघडला, स्पंज पिळून बघितला, उडी मारली असेल म्हणून टेबलामागे टॉर्च मारून वाळलेला मासा शोधला. काही नाही. एंजलचा संशय आलाच नाही, कारण दिवसा ते निऑनच्या घोळक्यातून जहागीरदारासारखे संथ फिरायचे, कुणाच्या वाटेला जायचे नाहीत.

मग एका पहाटे तहान लागली म्हणून उठलो आणि जाता जाता टँकवर टॉर्च मारला. निऑनचा निळा पट्टा रात्री मालवतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अंधारात ते फिकट, करडे, दोऱ्याला टांगल्यासारखे जागच्या जागी असतात. त्यांच्यासमोर एंजल, अगदी स्थिर. तोंडातून लाल शेपटीचं टोक बाहेर. त्याने दोनदा जबडा हलवला, टोक आत गेलं, आणि उजेड दिसला म्हणून तो काचेपाशी माझ्याकडे खायला मागायला आला.

दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मग जमणारच, असं लोक सांगतात. साप आणि उंदीरही एकाच शेतात राहतात. एंजल तिकडेही बारके मासे खातोच. निऑन पुरा वाढला तरी साडेतीन सेंटिमीटर, त्यात अंगाने काडी. एंजलचं अंग पंधरापर्यंत जातं आणि वरखालचे पर पसरले की उंची वीसच्या पुढे. तुमच्या टँकमध्ये वाळूच्या वर पाणी जेमतेम तीस सेंटिमीटर आहे. म्हणजे निऑन नसते तरी एंजल तुमच्याकडे मावत नाहीत.

दुकानात आपण बघतो ती सगळी पोरं असतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पाच सेंटिमीटरचा सकर बघून मी म्हणालो होतो, किती गोड. साधा सकर तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. माझा गेला. शेवटी तो वळायला लागला की ड्रिफ्टवुड हलायचं आणि झाडं मुळासकट वर यायची. त्याला मोठा टँक असलेलं घर शोधायला मला आठ महिने लागले. ब्रिसलनोज नावाचा त्याचा धाकटा भाऊबंद बारा-तेरावर थांबतो, पण ५३ लिटरमध्ये मी तोही टाळेन. काच पुसायला नेराइट गोगलगाय आणा. तिला तुमचं क्षाराचं पाणी मानवतं, शंख टणक राहतो. गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत, त्यामुळे टँकभर गोगलगायी होण्याचीही भीती नाही. लाकडावर पांढरे तिळासारखे ठिपके दिसतील, ती तिची अंडी. ती फुटत नाहीत आणि निघतही नाहीत. सवय होते.

टायगर बार्ब चार घेणं म्हणजे भांडण विकत आणणं. आठ-दहा असले की ते आपसातच थोरला कोण, धाकटा कोण हे ठरवण्यात गुंतलेले असतात. चार असले की फावल्या वेळात दुसऱ्यांच्या शेपट्या. यादीतला निळा फायटर त्यांच्यासोबत सोडला तर त्याच्या झालरीचा दोन दिवसांत कंगवा होईल.

उरले फायटर आणि गप्पी. गप्पी नराची रंगीत पसरट शेपटी फायटरला दिसली की दुसरा फायटर घरात शिरला असंच त्याला वाटतं. काही फायटर दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत, आणि आपला कुठल्या जातीचा हे टाकल्यावरच कळतं. म्हणून लेकीला निवड करायला सांगा: गप्पींचा टँक की फायटरचा टँक. फायटर हवा असेल तर तो एक, सोबत आठ हार्लेक्विन रासबोरा आणि तळाला सहा कोरी (तळाशी चरणारे छोटे, मिशावाले मासे). गप्पी हवे असतील तर सहा गप्पी, सगळे नर, आणि त्याच सहा कोरी. तुमचं पाणी जड आहे, गप्पी त्यात खूश राहतात.

सगळे नर का, ते सांगतो. दुकानातल्या मिश्र टाकीतून आणलेली मादी बहुतेक वेळा गाभण असते. ती नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात साठवून ठेवते आणि दर चार आठवड्यांनी पिल्लं टाकते, नंतर नराचं तोंड बघितलं नाही तरी. मी दोन माद्या आणल्या होत्या. पाच महिन्यांनी मोजायचं सोडून दिलं.

कोरीबद्दल मात्र हट्ट करीन. यादीत नाही, तरी घ्या. वरच्या माशांचं लक्ष वर, यांचं लक्ष खाली, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. तुमच्याकडे बारीक वाळू आहे, अर्धं काम झालेलंच आहे. टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात आणि मग त्या तळातलं अन्न हुंगू शकत नाहीत. ब्राँझ किंवा पेपर्ड घ्या, किमान सहा. दोन आणल्या तर त्या लाकडाखालून बाहेरच येणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल मासाच लाजाळू आहे.

शेवाळशत्रू

गाळबुवांशी ९० टक्के सहमत. पण एंजल आणि टेट्रा एकत्र राहतच नाहीत हे मला मान्य नाही. माझ्याकडे चार वर्षं राहतायत.

आणखी एक इशारा. दुकानात सकरऐवजी 'चायनीज अल्गी ईटर' गळ्यात मारतात, पिवळाधमक, दिसायला देखणा. लहानपणी शेवाळ इमानदारीत खातो. माझा बोटापेक्षा लांब झाला तसा त्याला शेवाळ नकोसं झालं आणि तो एंजलच्या सपाट अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर चोखायला लागला. एंजलच्या अंगावर गोल, खवले गेलेले चट्टे उठले. मी आठवडाभर बुरशीचं औषध घालत बसलो होतो. गुन्हेगार समोरच काचेला चिकटलेला.

तळाचा_गाळ

शेवाळशत्रू, तुमचा टँक चार फुटी आहे ना? आणि टेट्रा कुठले?

शेवाळशत्रू

हो, चार फुटी, २१० लिटर. टेट्रा म्हणजे लेमन आणि ब्लीडिंग हार्ट. निऑन नाहीत.

तळाचा_गाळ

मग आपण एकच बोलतोय. ब्लीडिंग हार्ट अंगाने रुंद, एंजलच्या तोंडात शिरतच नाही. आणि चार फुटात एंजलची जोडी जमून एका पानावर अंडी घातली, तरी बाकीच्यांना पळायला दुसरं टोक असतं. दोन फुटात दुसरं टोक म्हणजे तेच टोक.

निऑन आणि एंजल वर्षानुवर्षं सुखाने राहिल्याच्या गोष्टी मीही ऐकल्यात. एंजल अगदी पिल्लू असताना, आधीपासून नांदणाऱ्या मोठ्या निऑनमध्ये सोडला तर कधी कधी तो त्यांना अन्न समजत नाही. माझेही सहा महिने समजत नव्हते.

ओलीबाही

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्चचा किस्सा लेकीला वाचून दाखवला. रडेल वाटलं होतं, तिने उठून एंजलच्या चित्रावर काट मारली आणि विचारलं, "मग तो कुठल्या निऑनला आधी खातो?" असो.

निवड झाली. गप्पी. फायटरचं चित्र फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर सरकवलंय, खाली लिहिलंय "नंतर". पण निऑन ती सोडायला तयार नाही. तर सहा नर गप्पी, सहा ब्राँझ कोरी, एक नेराइट, आणि आठ निऑन, हे चालेल का? निऑनला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं असं सगळीकडे वाचलं. दुकानात पीएच खाली आणायची बाटली मिळते. ती रोज थोडी थोडी घालू का?

थेंबभर

बाटली नको. कळकळीने सांगते.

किटलीत जो थर धरतो तो कार्बोनेट. तुमच्या पाण्यात तो भरपूर आहे, म्हणजे केएच (कार्बोनेटचं माप) जास्त. तुम्ही आम्ल घातलं की कार्बोनेट त्याला खाऊन टाकतं आणि पीएच जिथे होता तिथे परत येतो. मी हा खेळ दोन आठवडे खेळलेय. रात्री ७.०, सकाळी ७.६, परत बाटली, रात्री ७.०. वहीत आकडे लिहून ठेवले होते, आलेख काढला तर करवतीचे दात. त्या दोन आठवड्यांत पाच मासे गेले, आणि त्याआधीच्या वर्षभरात, ७.७ ला, एकही गेला नव्हता. मासा ७.८ शी जुळवून घेतो. रोजच्या झोक्याशी नाही.

बाजारात येणारे निऑन बहुतेक सगळे पैदास केंद्रातले असतात. जंगली पाण्याशी त्यांच्या कित्येक पिढ्यांचा संबंध नाही. जड पाण्यात ते अंडी देणार नाहीत, राहतील मात्र. कार्डिनल टेट्राचं तसं नाही. दिसायला निऑनच, पण लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण. त्यातले काही अजूनही ब्राझीलमधल्या रिओ निग्रोतून पकडून येतात, आणि त्या नदीचा पीएच ४ ते ५ असतो. तिथून ७.८ ही फार मोठी उडी. दुकानात नीट बघून घ्या, निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून मागेच असतो.

अगदीच वाटलं तर पाणी बदलताना चतुर्थांश आरओचं पाणी मिसळा. पण मिसळायचं तर दर वेळी तेवढंच मिसळा. एका आठवड्यात आरओ, दुसऱ्यात विसरलो, असं नको.

जास्त पीएचचा एक धोका मात्र खरा आहे. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो, ७ वरून ८ ला गेलं की साधारण दहापट. म्हणजे ज्या चुका मऊ पाण्यावाल्याला माफ होतात त्या तुम्हाला होणार नाहीत. जास्त खाणं घालू नका, आणि एकाच दिवशी वीस मासे सोडू नका.

काचेला_नाक

थेंबभर यांना +१. वाचनखूण साठवली.

तळाचा_गाळ

थेंबभर यांनी माझं काम वाचवलं. मी आता फक्त क्रम सांगतो, कारण यादी बरोबर असूनही क्रम चुकला की घोळ होतो.

नायट्राइट शून्य आणि सलग आठवडाभर शून्य. साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तुम्ही तिसऱ्यात आहात, गाडी वेळेवर आहे. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकणारे मासे बघून लोक एअर पंप आणायला धावतात, तेव्हा बऱ्याचदा भानगड ही असते. तोवर अमोनिया आणि नायट्राइट पचवणाऱ्या टँकमधल्या जिवाणूंना उपाशी ठेवू नका, अमोनिया घालत राहा. नाहीतर दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजतं आणि अमोनिया तयार होतो.

मग गप्पी. चिवट असतात, नव्या टँकचे नखरे सहन करतात. दोन आठवडे थांबून कोरी. निऑन सगळ्यात शेवटी, टँक दोन-तीन महिन्यांचा झाल्यावर. नव्या टँकमध्ये निऑन पटापट मरतात आणि दोष पाण्याच्या पीएचला दिला जातो.

शक्य असेल तर नवे मासे तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. प्लास्टिकचा मोठा डबा, हीटर, आणि तुमच्या टँकमध्ये आधीपासून भिजत घातलेला एक स्पंज फिल्टर. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येणार असतील तर तिथेच येतील. मी हे दर वेळी करतो असं नाही. ज्या वेळी केलं नाही त्यातल्या दोन वेळी पस्तावलो.

कोरी पकडताना जाळी वापरू नका. त्यांच्या छातीच्या परांना कडक काटे असतात, घाबरल्या की ते बाहेर रोखून धरतात आणि जाळीत अडकतात. मग आपण कात्रीने जाळी कापत बसतो. काचेचा पेला सरळ पाण्यात घाला आणि पेल्यातच घ्या.

आणि खाणं. गप्पी हावरट, वरचं सगळं मिनिटभरात संपवतात. कोरी उष्ट्यावर जगतात असा एक समज आहे. त्या जगत नाहीत, हळूहळू वाळतात. दिवा मालवल्यावर बुडणारी गोळी टाका, गप्पी तोवर सुस्तावलेले असतात.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. मारामारी शोधू नका, ती क्वचितच समोर होते. जो मासा हीटरच्या मागे उभा राहतो, पर अंगाला मिटून घेतो आणि खाण्याच्या वेळी सगळ्यात शेवटी येतो, त्याच्याकडे बघा. त्याला कुणीतरी त्रास देतंय. मग दहा मिनिटं टँकपासून दूर, खुर्चीत बसून बघा. काचेजवळ गेलात तर सगळे अन्नासाठी तुमच्याकडे येतात आणि भांडण थांबतं.

ओलीबाही

नऊ आठवड्यांनी परत आलेय. खबर द्यायची राहिली होती.

नायट्राइट सव्वापाच आठवड्यांनी शून्य झालं. आठवडाभर वाट बघितली. पट्टीवरचा रंग बघायची लेकीला इतकी सवय झाली की ती आता सरबताचाही रंग तक्त्याशी जुळवून बघते. गप्पी आले, मग कोरी. डब्यात तीन आठवडे ठेवायचं धैर्य मला गप्पींच्या वेळी झालं नाही, कोरी आणि निऑनच्या वेळी केलं. डबा एकच, त्यामुळे निऑनची दुकानातून सुटका कोरी बाहेर पडल्यावरच झाली, आणि ते टँकमध्ये याच आठवड्यात उतरले.

कोरी मध्येच तळातून सुसाट वर येतात, पाण्यावर तोंड मारतात आणि परत खाली. पहिल्या दिवशी मी घाबरून पाणी चार वेळा तपासलं. मग कळलं की त्या आतड्यातूनही हवा घेऊ शकतात आणि हे त्यांचं रोजचंच आहे. आधी सांगायचंत की!

निऑन आठ आणले, आठही आहेत. फ्रिजवर आता यादीऐवजी तक्ता लागलाय. लेक रोज सकाळी निऑन मोजते आणि आकडा लिहिते. काल सात लिहून शाळेत गेली. मी फिल्टर उघडला, स्पंज पिळला, टेबलामागे टॉर्च मारला. गाळबुवा, तुमची फार आठवण आली. संध्याकाळी आठवा जावा फर्नच्या मागून निघाला.

एकच शंका. सहा नर गप्पींपैकी एकाचा रंग अजून उघडलेला नाही, फिकटच आहे, आणि तो हल्ली जरा जास्त खातोय असं वाटतं. पोट गोल झालंय, शेपटीच्या बाजूला पोटाखाली गडद डाग दिसतो. बाकीचे पाच सतत त्याच्या मागे. आजारी आहे का?

काचेला_नाक

😂

तळाचा_गाळ

आजारी नाही. पोटाखालचा पर बघा. नराचा काडीसारखा बारीक असतो, मादीचा पंख्यासारखा. मला उत्तर माहीत आहे, तरी बघून घ्या.

डाग गडद होत जाईल, पोट चौकोनी दिसायला लागेल, मग तिला निवांत जागा हवी. पाच नर मागे लागलेले असताना ती दमून जाईल, तेव्हा क्वारंटाईनचा डबा परत भरा आणि तिला तिकडे हलवा. तरंगणारी झाडं भरपूर टाका. पिल्लं झाली की तिला बाजूला काढा, नाहीतर तीच खाईल. वीसेक धरून चाला, जास्तही होतात. ती परत टँकमध्ये गेली की चार आठवड्यांनी हाच कार्यक्रम, म्हणून तिच्यासाठी आत्तापासून दुसरं घर बघून ठेवा.

आणि लेकीला म्हणावं, तक्त्यासाठी मोठा कागद घे.